दवाखान्याचं बिल, कार्डांची भानगड आणि आपला बेळगाव भाग : सारखे विचारले जाणारे प्रश्न

हे कोण लिहितंय? डॉक्टर आहात का?

नाही. खानापूर तालुक्यात एका मेडिकलच्या काउंटरवर उभा राहतो, अकरा वर्षं झाली. रविवारी सकाळी गावच्या वाचनालयात बसतो, लोक पिशवीतनं कागद घेऊन येतात, कार्ड, रिपोर्ट, बिलं, आणि तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदा सगळं लिहून टाकलं. एजंट नाही, कमिशन नाही, चहा मात्र चालतो.

पैसे नसले म्हणून आजार वाढतो का हो? आजार तर नशिबानं येतो.

येतो कसा ते मला कळत नाही, पण वाढतो कसा ते रोज बघतो. आमच्या काउंटरला दोरीनं एक कात्री बांधलेली आहे, गोळ्यांची स्ट्रिप कापायला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ती नुसती लोंबकळत असते आणि वीस तारखेनंतर सारखी चालते. "दादा, दहा नको, चारच दे, पगार झाला की बाकीच्या नेतो." मग मी चार कापून देतो, आणि बहुतेक वेळा एक्स्पायरी डेट छापलेला तुकडा नेमका माझ्याकडं राहतो, ते वेगळंच. बीपीच्या गोळीचं असं आहे की चार दिवस नाही घेतली तर काहीच दुखत नाही, उलट माणूस म्हणतो, बघ, गोळीशिवाय पण बरा आहे की मी.

आमच्या बाजूच्या गावचा एक गवंडी होता, पन्नाशीच्या आतला. डोकं दुखलं तरच गोळी घ्यायचा. एक दिवस सकाळी चहाचा कप हातातनं सुटला, तोंड वाकडं झालं. मग बेळगाव, सीटी स्कॅन, आयसीयू, नऊ दिवस. बायकोचं गंठण सोसायटीत गहाण गेलं, मुलगा आयटीआय सोडून सेंट्रिंगच्या कामाला लागला, आणि बाई आता काजूच्या कारखान्यात बसते. जी गोळी तो टाळत होता ती जनऔषधीत रुपया-दोन रुपयाला एक मिळते. उजवा हात अजून वर जात नाही त्याचा.

हे एका घरचं झालं. देशाच्या आरोग्याचा काय संबंध?

अशी घरं मोजली की देश होतोय. आणि मोजलीत पण. सरकारचाच हिशोब आहे, नॅशनल हेल्थ अकाउंट्स म्हणतात त्याला, त्यात २०१३-१४ साली देशात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातले ६४.२ टक्के लोक स्वतःच्या खिशातनं भरत होते, २०२१-२२ पर्यंत ते ३९.४ टक्क्यांवर आलं. कमी झालं हे खरंच चांगलं आहे, पण शंभरातले चाळीस रुपये अजून पदराच्या गाठीतनंच जातात. सरकारचा खर्च त्याच वर्षी जीडीपीच्या १.८४ टक्के होता, आणि २०१७ च्या आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत अडीच टक्के करू.

अजून एक आकडा, हा माझ्या डोक्यातनं जात नाही. २०१७-१८ च्या सरकारी पाहणीत एकदा अ‍ॅडमिट व्हायचा सरासरी खर्च सरकारी दवाखान्यात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला, बाळंतपण सोडून. म्हणजे सातपट. आमच्याकडं ऊसतोडीच्या नाहीतर बांधकामाच्या माणसाला एकतीस हजार म्हणजे काय ते तुम्हीच धरा.

आणि काही आजार घरातच राहत नाहीत. टीबीचा माणूस मजुरी बुडते म्हणून तपासणीला दोन महिने उशिरा गेला तर त्या दोन महिन्यांत तो बसमधनं फिरतो, लग्नात जेवतो, एका खोलीत सहा जण झोपतात तिथं झोपतो. टीबीचं औषध सरकारी फुकट आहे, वर पोषणासाठी महिन्याला मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० केलेत, तरी लोक उशिरा येतात कारण खर्च गोळीचा नसतोच, बुडणाऱ्या रोजाचा असतो. अँटिबायोटिकचं पण तेच, पाच दिवसांचा कोर्स लिहिलेला असतो आणि ताप उतरला की तिसऱ्या दिवशी बंद, उरलेल्या गोळ्या पुढच्या आजाराला. जंतू अशानं पण निगरगट्ट होतात आणि मग ते कुणाच्या घरात जातील सांगता येत नाही, परवडणाऱ्याच्या पण.

योजनेचं कार्ड दिलं म्हणून माणसं वाचतात याला काही पुरावा आहे का? का नुसती भाषणं?

आहे, आणि तो आपल्याच राज्यातला आहे. २०१० साली कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री सुरू झाली, बीपीएल (दारिद्र्यरेषेखालच्या) घरांना हार्ट, कॅन्सर, किडनी, भाजणं, मेंदूची ऑपरेशनं असले मोठे उपचार फुकट. ती आधी उत्तरेत, म्हणजे गुलबर्गा आणि आपला बेळगाव विभाग, इथं आली आणि दक्षिणेत नंतर. मग अभ्यास करणाऱ्यांनी काय केलं, जिथं योजना संपते त्या रेषेच्या जवळची दोन्ही बाजूंची गावं घेतली. माणसं तीच, पीक तेच, पाऊस तोच, फरक फक्त योजनेचा. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. योजनेत बसणाऱ्या आजारांनी बीपीएल घरात मरणाऱ्यांचं प्रमाण योजना नसलेल्या गावांत ०.९० टक्के आणि असलेल्या गावांत ०.३२ टक्के. ६४ टक्क्यांनी कमी.

सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे वाचून कसंसंच होतंय. रेषेच्या इकडं आणि तिकडं, एवढ्यावर माणूस जगला का मेला ते ठरतं. आपल्याला रेषा म्हटलं की दुसरंच आठवतं.

आमचं बीपीएल कार्ड आहे. कर्नाटकात किती मिळतंय?

आता योजनेचं नाव आयुष्मान भारत आरोग्य कर्नाटक. बीपीएलला घरटी वर्षाला ५ लाखांपर्यंत. घरटी म्हणजे सगळ्या घराला मिळून, माणशी नाही, हे आधी डोक्यात घ्या कारण अर्ध्या लोकांचा गैरसमज इथंच असतो.

आणि एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं कार्ड, असलं तर?

तर पॅकेजच्या रेटच्या ३० टक्के सरकार देतंय, तेही वर्षाला दीड लाखाच्या आत, बाकीचे ७० टक्के तुमचे. पॅकेज रेट म्हणजे सरकारनं ठरवलेला दर, दवाखान्याचं बिल नाही. एपीएलवाल्यांनी सगळ्यात जास्त फसगत करून घेतलेली मी बघितली आहे, "कार्ड आहे की आमच्याकडं" म्हणत खासगीत जातात आणि डिस्चार्जच्या दिवशी कळतं.

यातनंच दुसरी भानगड. दारात एक जुनी गाडी आली, पोराला बरी नोकरी लागली, की बीपीएल जायची भीती. नोव्हेंबर २०२४ मध्ये कार्डं रद्द व्हायचा केवढा गोंधळ झाला आठवत असेल, मग सरकारनं माघार घेतली. लोक म्हणत होते तांदूळ गेला तांदूळ गेला. मला तांदळापेक्षा त्या ५ लाखांची धास्ती वाटत होती, कारण रेशन कार्डाचा रंग बदलला की दवाखान्याचं पण सगळं बदलतंय.

थेट मोठ्या खासगी दवाखान्यात गेलं तर काय होतंय? सिव्हिलमध्ये कशाला आधी जायचं?

रेफरल लागतं म्हणून. मोठ्या उपचाराला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी पाहिजे, म्हणजे तालुक्याचा सरकारी दवाखाना नाहीतर बेळगावचं सिव्हिल (बिम्स). तिथं ती सोय नसेल तर ते पुढं पाठवतात. इमर्जन्सीच्या यादीत जे आहे, हार्ट अटॅक, अपघात वगैरे, त्याला चिठ्ठी लागत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. माझ्या आईच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला आम्ही गडबडीत थेट एका खासगी दवाखान्यात गेलो, नाव नको. ॲडव्हान्स २० हजार भरला, तिसऱ्या दिवशी कार्ड पुढं केलं तर काउंटरवरची मुलगी मान पण वर न करता म्हणाली, "रेफरल इल्ला." म्हणजे रेफरल नाही, तेवढं कानडी मला येतं. चूक आमची होती, पण भरती करताना कुणीतरी एक वाक्य सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं त्यांचं. भाऊ रात्रीच्या गाडीनं पुण्याहून पैसे घेऊन आला. मेडिकलमध्ये काम करणाऱ्याची ही गत, तर बाकीच्यांचं काय.

म्हणून, ॲडमिट होण्याआधी, पैसे भरण्याआधी, पहिला प्रश्न आरोग्यमित्राला. योजनेचं सांगायला-बघायला योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात हा माणूस असतो, डेस्क बहुतेक आतल्या बाजूला कोपऱ्यात असतं, शोधावं लागतं.

आमचं गाव ८६५ मध्ये आहे. महाराष्ट्राची योजना आम्हाला लागू आहे ना?

महाराष्ट्र सरकारनं २०२३ साली सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना लागू करतो म्हणून ठरवलं. कर्नाटक सरकारनं लगेच विरोध केला. पेपरात दोन्हीकडनं मोठमोठ्या हेडलाइनी आल्या, आणि इथं पेशंटचे नातेवाईक पिशवी घेऊन विचारत फिरू लागले, कागद कुठं करायचा, कोण सही देणार, कुठल्या दवाखान्यात चालतंय.

माझा सल्ला, तुम्हाला राग येईल कदाचित. मराठी म्हणून आपल्या भावना काय आहेत त्या आहेत, माझ्या पण आहेत, एक नोव्हेंबरला, काळ्या दिनाला, मी पण दंडाला काळी फीत लावतो. पण ऑपरेशन तोंडावर असताना आधी जे कार्ड खिशात आहे आणि ज्या दवाखान्यात आज चालतंय ते वापरा. फुले योजनेचं करायचं असेल तर आजारी नसताना करा, आणि कोल्हापूर, मिरज नाहीतर गडहिंग्लजला जाणार असाल तर तिथल्या आरोग्यमित्राला निघण्याआधी फोन करून आपलं गाव आणि कार्ड सांगून होय-नाही विचारून घ्या. पोचल्यावर विचारू नका.

गोव्याला जीएमसीत (गोवा मेडिकल कॉलेजात) फुकट असतंय ना?

असायचं. जानेवारी २०१८ पासून परराज्यातल्या पेशंटला फी लावली आहे. तरी खानापूर, जांबोटी भागातले लोक जातात, कारण डॉक्टर चांगले आणि फी लावून पण खासगीपेक्षा कमीच पडतंय. घाटातला रस्ता मात्र पावसाळ्यात पेशंटला घेऊन जायच्या लायकीचा नसतो.

यशस्विनी काय आहे?

कर्नाटकातली दवाखान्याच्या खर्चाची योजना, सहकारी संघाच्या सभासदांसाठी. २००३ साली निघाली तेव्हा महिन्याला ५ रुपये होते माणशी. २०१८ मध्ये बंद करून दुसऱ्या योजनेत घातली आणि लोकांची ओरड झाल्यावर २०२२-२३ ला परत चालू केली. गावाकडं चार माणसांच्या घराला वर्षाला ५०० रुपये, पुढं माणशी १००. ५ लाखांपर्यंत. नोंदणीची मुदत असते आणि ती हमखास आपण चुकवतो, तेव्हा दूध संघात नाहीतर कृषी पत्तीनात (गावच्या शेती सोसायटीत) जाऊन डिसेंबरपासूनच विचारायला लागा.

आधारवर एक नाव आणि रेशन कार्डावर दुसरं, चालेल का?

नाही, आणि आपल्या भागात हा रोग घरोघरी आहे. आपण बोलतो मराठी, कार्डावर कानडी, आधारवर इंग्रजी, आणि टाइप करणारा तिसराच. आधारवर भरमाण्णा, रेशनवर भरमा, बँकेत ब्रह्मा, माणूस एकच. परशराम आणि परशुराम. लक्ष्मीबाई आणि लक्ष्मव्वा. एका आजींचं ऑपरेशन नुसतं या "व्वा" पायी चार दिवस लांबलं. धडधाकट असताना एकदा सगळी कार्डं शेजारी शेजारी ठेवून बघा, हे काम संकष्टीच्या दिवशी केलं तरी चालतंय, पण करा.

फॉर्म कानडीत नाहीतर इंग्रजीत असतो, न वाचता सही करू का?

नको. ऑपरेशनच्या संमतीचं तर मुळीच नको. तुम्हाला कळंल अशा भाषेत समजून घ्यायचा तुमचा हक्क आहे. वाद घालायला जाऊ नका, नुसतं म्हणा "सिस्टर, मला जरा मराठीत सांगा की". दहातल्या आठ सिस्टरांना येतंय, आणि कानडी बोलणारी सिस्टर पण सांगते, मोडकं तोडकं का असेना.

जेनेरिक, म्हणजे मोठ्या ब्रँडचं नाव नसलेल्या, गोळ्या खरंच काम करतात का? स्वस्त म्हणजे भेसळ असणार.

करतात. माझे वडील शुगरची जेनेरिक गोळी सहा वर्षं घेतात. कंपनीची गोळी महाग का तर त्यात एमआरचा (कंपनीच्या फिरत्या विक्रीवाल्याचा) पगार, जाहिरात, आणि आमच्या दुकानाचं मार्जिन पण असतंय, खोटं कशाला बोलू. फक्त कंटेंट (आतलं औषध) आणि एमजी तेच आहे ना ते बघायचं, आणि बदलताना डॉक्टरला सांगायचं. माझ्या मालकानं हे वाचलं तर माझं काही खरं नाही.

किंमत सरकारनं बांधली की काय होतंय त्याचं उदाहरण म्हणजे हार्टचा स्टेंट. फेब्रुवारी २०१७ ला औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० आणि साध्याला ७,२६० रुपयांची कमाल मर्यादा घातली, त्याच्या आधी लाखाच्या वर बिलं लागत होती. त्याच ऑगस्टात गुडघ्याच्या सांध्याला पण. आधीच्या आणि नंतरच्या बिलांचे फोटो आजही लोकांच्या मोबाईलमध्ये आहेत.

खासगी मेडिक्लेम घ्यावा का?

जमत असेल तर घ्या, पण एजंटच्या तोंडावर नाही, कागद वाचून. तीन गोष्टी. आधीपासून असलेला आजार लपवू नका, लिहून दिला तर जास्तीत जास्त ३ वर्षं थांबावं लागतं आणि मग तो पण बसतो, लपवला तर ऐन वेळी क्लेम उडतो. दुसरं म्हणजे रूम रेंट, हे कुणीच सांगत नाही. पॉलिसीत दिवसाला ३,००० ची रूम असेल आणि तुम्ही पाहुणे येतील म्हणून ६,००० ची घेतली, तर नुसते वरचे ३,००० कापत नाहीत, डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर हे सगळं त्याच प्रमाणात कापतात, म्हणजे निम्मं. पाहुण्यांना जनरल वॉर्डात पण बसता येतं. तिसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला आहे, तेव्हा जुना हप्ता सांगत असतील तर विचारा.

आणि या सगळ्या योजना, सरकारी असो का खासगी, मुख्यतः ॲडमिट झाल्यावरच्या आहेत. रोजची गोळी, महिन्याची तपासणी, ओपीडीची फी, यांना कुणी वाली नाही. म्हणजे त्या गवंड्याला लकवा मारल्यावर ५ लाख आहेत आणि लकवा येऊ नये म्हणून महिन्याला साठ रुपये नाहीत. सरकारी आरोग्य केंद्रात बीपी-शुगरच्या गोळ्या फुकट असतात, असतात म्हणजे संपलेल्या नसतील तेव्हा.

फुकट दिलं तर लोक उगाच गर्दी करतील की!

हा प्रश्न नेहमी ज्याच्याकडं मेडिक्लेम आहे तोच विचारतो. अमेरिकेत १९७४ ते ८२ मध्ये यावर मोठा प्रयोग झाला, रँड नावाच्या संशोधन संस्थेचा. काही घरांना सगळं फुकट, काहींना थोडे पैसे भरायला लावले. पैसे भरणारे कमी गेले डॉक्टरकडं, हे खरं. पण कमी करताना त्यांनी नको ते उपचार जेवढे टाळले तेवढेच पाहिजे ते पण टाळले, आणि गरीब घरात ज्यांना बीपी होतं त्यांचं बीपी फुकटवाल्यांपेक्षा जास्त राहिलं. माणसाला कुठं कळतंय कुठली कळ गॅसची आणि कुठली हार्टची. त्याच अमेरिकेत आज जीडीपीच्या सतरा टक्क्यांच्या आसपास खर्च आरोग्यावर होतोय आणि तरी सरासरी आयुर्मान बाकीच्या श्रीमंत देशांपेक्षा कमी आहे. थायलंडसारख्या देशानं २००२ मध्ये एका भेटीला ३० बाट एवढी फी ठेवून सगळ्यांना योजनेत घेतलं, तेव्हा तो काही श्रीमंत नव्हता.

बिल भरल्याशिवाय बॉडी देत नाही म्हणाले तर?

कर्नाटकातल्या खासगी दवाखान्यांच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, त्या वेळी डॉक्टरांचा संप पण झाला होता. त्याप्रमाणे बिलासाठी बॉडी अडवता येत नाही, आणि इमर्जन्सीत ॲडव्हान्सशिवाय हात लावणार नाही असं म्हणता येत नाही. तक्रार डीसींच्या (जिल्हाधिकाऱ्यांच्या) अध्यक्षतेखालच्या जिल्हा समितीकडं. आवाज न चढवता "लिहून द्या" एवढं म्हणा, बऱ्याच वेळा तेवढ्यावर काम होतं.

दवाखान्यासाठी संघाचं (मायक्रोफायनान्सच्या गटाचं) कर्ज काढू का?

आठवड्याच्या हप्त्याचं असेल तर शक्यतो नको. पेशंट घरी झोपलेला आणि दारात वसुलीवाला, असं लय बघितलंय. फेब्रुवारी २०२५ मध्ये कर्नाटकानं दमदाटीच्या वसुलीविरुद्ध अध्यादेश काढला तो उगाच नाही. आधी सोनं सोसायटीत, व्याज कमी पडतंय.

बायकांना बस फुकट झाल्यानं काही फरक पडला का?

पडला. जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळं बाई एकटीच बेळगावला तपासणीला जाऊन येते, "ह्यांना सुट्टी नाही" म्हणून थांबत नाही. कोल्हापूर, मिरजेला मात्र तिकीट.

डॉक्टरला पैशाचं विचारायला लाज वाटते. कसं विचारायचं?

आमच्या गल्लीतल्या एक मावशी आहेत, सत्तरीच्या. गेल्या पावसाळ्यात मी त्यांना घेऊन डॉक्टरकडं गेलो होतो. डॉक्टरनं तपासलं, चिठ्ठी लिहिली, सहा औषधं. मावशींनी चिठ्ठी हातात घेतलीच नाही. पदराची गाठ सोडली, नोटा टेबलावर एकेक सरळ करून ठेवल्या, तीनशे वीस झाल्या, आणि म्हणाल्या, "एवढंच हाय बघा डॉक्टर. एवढ्यात काय बसतंय ते लिवा. नाय बसलं तर मी ह्यातलं काय घेऊ न काय सोडू ते तुम्हीच सांगा, मला कळंना." डॉक्टर जरा वेळ नोटांकडं बघत बसले, मग ती चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. तीन औषधं. दुकानात येऊन मी बिल केलं, एकशे चाळीस. मावशी म्हणाल्या, "मग आधीची तीन कशाला लिहिली होती रे?"

मी कात्री खिळ्याला अडकवली आणि पूर्ण स्ट्रिपा पिशवीत घातल्या.